गोधडीचं वरचं झालं, मग दीड वर्ष कपाटात

आईच्या सुती साड्यांचे चौकोन मशीनवर जोडून गोधडीचा वरचा थर मी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत उरकला होता. फोटो सगळ्या नातेवाइकांना गेला, कौतुक झालं आणि थर घडी होऊन कपाटात गेला, तो दीड वर्ष. पुढे थर घालायचे आणि हाताने धावदोरा घालायचा, हे आठवलं की कपाटाचं दार आपोआप बंद व्हायचं.

या मे महिन्यात शेवटी काढला. अस्तराला कोरं मांजरपाट आणलं होतं. शेजारच्या मावशी साताऱ्याकडच्या, लहानपणापासून वाकळा शिवणाऱ्या. त्यांनी ते बोटांत चुरगाळून बघितलं. "कोरंच घालतीस व्हय? पान्यात पडलं की आवळंल, मग वरचं समदं गोळा हुईल." रात्रभर भिजवलं, वाळवलं, मोजलं तर सव्वादोन मीटरमागे चार बोटं कमी. मुकाट्याने इस्त्री केली.

आत दोन पाचवारी साड्या. साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी जोडले की 5 बाय साडेसहा फुटांना पुरून उरते. काठ मात्र आधी काढायचे. जरीच्या काठात सुई अडते आणि अंगठा सोलून निघतो. अंगुस्तान घ्या, मी तिसऱ्या दिवशी घेतलं.

माझी चूक झाली ती टाचण्यात. हॉलमधला टीपॉय हलवला, फरशीवर चारही थर अंथरले आणि कच्चा टाका फक्त कडेने घातला. मधे कशाला, आपण हळूहळू आत जाणारच आहोत, असा हिशेब. आपल्याकडे धावदोरा कडेने सुरू होतो आणि फेऱ्या मारत मधे येतो. (कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज आहे. तिथल्या बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीतही टाके असेच कडेकडून आत येतात. शिवाय कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं असतात. मला ती फार आवडतात, पण जमली नाहीत.) पहिलाच फेरा 23 फुटांचा, त्यालाच दोन संध्याकाळी गेल्या. दोरा हातभरच घ्यायचा. सारखी सुई ओवायला नको म्हणून मी वावभर घेतला, तर गुंता सोडवण्यात जास्त वेळ गेला.

सतराव्या फेऱ्याला बघते तो मधे पोळीएवढा फुगा. प्रत्येक फेऱ्याबरोबर मी वरचं कापड आत ढकलत आले होते. हाताने सारवून सारवून बघितलं, फुगा नुसता इकडून तिकडे जायचा. मावशींनी आधी गोधडी उलटी केली, पाठ बघितली, मग म्हणाल्या, "टाचताना मधनं सुरू करायचं आन् शिवताना कडंनं. तू दोन्ही कडंनं केलंस." झालं!

सहा फेरे उसवले. तरी थोडा झोळ राहिलाच. मावशींनी चिमटीत धरून त्याची एक चुणी पाडली, खाली दाबली आणि म्हणाल्या, आता यावर ठिगळ. मला ठिगळ नको होतं. चौकोनांची इतकी नीट मांडणी, त्यात हे मधेच! पण दुसरा उपाय नव्हता. आईच्या निळ्या इरकलीच्या पदराचा तळहाताएवढा तुकडा लावला, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी. आता येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडेच बोट दाखवतो आणि विचारतो, हे मुद्दाम केलंय ना? मी हो म्हणते.

कडेला पट्टी लावून झाली त्या रात्री सुया मोजल्या. डब्यातून 3 काढल्या होत्या, परत 2 आल्या. सतरंजी झटकली, सोफ्याखाली टॉर्च मारला. शेवटी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढला आणि वीतवीत करत अख्ख्या गोधडीवरून फिरवला. उशाकडच्या कोपऱ्यात, दोन साड्यांच्या मधे, तो टचकन चिकटला.