आमची वाटचाल : धुरातून सोडा

कारखाना बघायला येणाऱ्या प्रत्येकाची मान आधी वर जाते, धुरातला वायू शोषणाऱ्या टॉवरकडे, म्हणजे ॲबसॉर्बरकडे. मी त्याला आधी कपाटातली ऑर्सॅटची, म्हणजे धुरातले वायू मोजायची पेटी दाखवतो. काचेचं ब्युरेट, पोटॅशची बाटली, सैल झालेली बिजागरी. ऑनलाइन ॲनालायझर बसवून झाला तरी ही पेटी टाकवत नाही. शेजारच्या बॉयलरच्या धुरात बारा टक्के कार्बन डायऑक्साइड आहे हे तिनंच पहिल्यांदा सांगितलं आणि त्या आकड्यावर मी नोकरी सोडली.

प्रक्रिया जाणकारांना काय सांगायची! धूर थंड करून धुवायचा, एमईए या अमाईनच्या (वायू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) तीस टक्के द्रावणात वायू पकडायचा, स्ट्रिपर नावाच्या दुसऱ्या टॉवरमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून सोडवायचा, सोडा ॲशच्या (धुण्याच्या सोड्याच्या) द्रावणात सोडून बायकार्ब, म्हणजे खाण्याचा सोडा, पाडायचा. टनभर बायकार्बला जेमतेम २६० किलो वायू लागतो, आणि बायकार्ब तापला की त्यातला काही परत हवेत. त्यामुळे पृथ्वी वाचवण्याची भाषा मी कधी केली नाही. ती भाषा करणारे वेगळे होते.

तिसऱ्या वर्षी बॉयलरवाल्यांनी कोळसा बदलला. जास्त गंधकाचा आणला आणि आम्हाला अक्षरानं कळवलं नाही. सल्फर डायऑक्साइडनं अमाईनला धरलं की जे क्षार होतात ते स्ट्रिपरमध्ये कितीही उकळा, सुटत नाहीत. टाकीतलं द्रावण काळपट पडलं, टॉवरला फेस आला, स्ट्रिपर तापवणारा रिबॉयलर वाफ खात राहिला आणि वायू मात्र निम्मा. त्यात अमाईन कुजून झालेला अमोनिया थेट मालात उतरला.

आमचे सर्वांत जुने ग्राहक अग्निशामक पावडर बनवतात. त्यांनी पोतं उघडलं, वास घेतला, म्हणाले, "हा माल घेऊन जा. टाकी धुवा, मग या." ऑर्डर रद्द केली नाही. मागच्या मालाचे पैसेही त्याच दिवशी दिले.

भागीदारानं मात्र तेवढी कळ काढली नाही. धुरापासून मिथेनॉल करणारी एक मंडळी रंगीत तक्ते घेऊन आली होती, तो त्यांच्याबरोबर गेला आणि बॉयलरवाल्यांशी असलेला धुराचा करारही जवळपास घेऊन गेला. मी त्याच्यासमोर हिशेब मांडला होता. एक टन मिथेनॉलला १८८ किलो हायड्रोजन, आणि तो पाण्यापासून काढायचा तर दहा हजार युनिटांच्या आसपास वीज. आइसलंडमध्ये २०१२ पासून असं मिथेनॉल बनलं, पण तिथे जमिनीखालची वाफ फुकटासारखी वीज देते. शिवाय गंधक मिथेनॉल बनवणाऱ्या तांब्याच्या कॅटॅलिस्टलाही (उत्प्रेरकालाही) सोडत नाही. त्यांचा कॉम्प्रेसर आला, उभा राहिला, हायड्रोजन काही आला नाही. भागीदार अजून बोलत नाही. चूक कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

आम्ही अमाईनच्या आधी कॉस्टिक सोड्यानं धूर धुणारा वेगळा स्क्रबर बसवला, गंधक दहा पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) खाली आणलं, सगळं द्रावण बदललं. नवीन कुणी या धंद्यात पडत असेल तर करारात इंधन बदलण्याची आगाऊ सूचना लिहून घ्या, आणि पितळी व्हॉल्व्ह अमाईनच्या वाटेत चुकूनही लावू नका. बाकी तुमची मर्जी.

त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

धुतलेल्या टाकीतला पहिला माल मी स्वतः घेऊन गेलो. ग्राहकानं पोतं उघडलं, वास घेतला, चिमूटभर बोटांत चुरडलं आणि तोंड बांधायला सुतळी मागितली.