जोड ठेव रे, जोड!

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या फक्त ड्रॉइंगच्या बाई. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

आठवीत होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाच्या दारावरचं सुकलेलं तोरण उतरवलं. "झेंडू मूळचा कुठला?"

"मार्केट यार्डातला!" मागच्या बाकावरून उत्तर.

"मेक्सिकोचा," बाई म्हणाल्या. तिकडे 1 आणि 2 नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात म्हणे. पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. झेंडूच्या पाकळ्या पसरून त्यांना वाट दाखवायची. फोटोपुढे पाणी, मीठ, मेणबत्ती आणि त्यांच्या आवडीचं काहीतरी मांडायचं. मग बाईंनी पोसादा नावाच्या तिकडच्या चित्रकाराचं चित्र दाखवलं, पिसांची भली मोठी हॅट घातलेली कवटी. आम्ही खिदळलो. "हसायलाच काढलीय. साहेबी थाट करणाऱ्यांची टिंगल आहे ती." हा पोसादा छापखान्यात राबणारा माणूस, 1913 मध्ये वारला. आता मीही छपाईतलाच, म्हणून तो जरा जास्तच जवळचा वाटतो.

मग आम्ही त्या सणाच्या पताका करायला बसलो. तिथले कारागीर त्यासाठी पातळ कागदांचा गठ्ठा करून छिन्नी-हातोडीने नक्षी पाडतात. आमच्याकडे पतंगी कागद, कात्री आणि अर्धं ब्लेड. मी घाईघाईत सांगाड्याची मान कापली, मुंडकं बाकाखाली. बाई वाकल्या, ते उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं. "जोड ठेव रे, जोड! भोक पाडायच्या आधी बघ, ते कशाला धरून राहणार." दुसऱ्या कागदाचंही तेच झालं. तिसरा टिकला.

वर्गात तिकडच्यासारखं टेबल मांडलं होतं, त्यावर ठेवायला मी आजोबांचा अडकित्ता नेला होता, घरी न विचारता. त्यांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं अजून. बाईंनी एक शब्द न विचारता तो झेंडूशेजारी ठेवला आणि वर खडूच्या डबीतून सुपारीचं खांड काढून ठेवलं. ती सुपारी त्यांनी कुठून आणली, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका पालकांची तक्रार आली, शाळेत कवट्या कसल्या टांगता? पताका उतरल्या. आईने मात्र कवटीबद्दल चकार शब्द काढला नाही. अडकित्त्यासाठी मला बदडलं.

आज माझ्याकडे लेझर कटिंगची दोन मशीनं आहेत, लग्नपत्रिका पार दुबईपर्यंत जातात. ड्रॉइंग हॉलमध्ये आता कॉम्प्युटर आहेत, ते बघून पोटात कालवलं. असो. परवा नव्या पोराने फाइल न तपासता मशीन लावलं. गणपतीची सोंड वेगळी होऊन ट्रेमध्ये पडली. मी ओरडलो ते बाईंच्याच शब्दांत.