प्रवाहाविरुद्धच्या बायकोचे इंग्रजी नाव

मुलांसाठीच्या नॉर्वेजियन लोककथांचा इंग्रजी अनुवाद मी नॉर्वेतल्या बर्गन शहरात घरी बसून करीत होते. कथा बहुतेक सुरळीत उतरल्या; दिवसभर अडले ते एका शीर्षकापाशी. मूळ शीर्षक ‘शेरिंगा मोत स्ट्रोमेन’, शब्दशः ‘प्रवाहाविरुद्धची बायको’. त्यातही ‘शेरिंगा’ या शब्दात बायको, म्हातारी आणि थोडी तुच्छता असे सगळेच आहे.

पिकलेले शेत विळ्याने कापायचे, असे नवरा म्हणतो. कात्रीने कातरायचे, असे बायको. वाद इतका विकोपाला जातो की नवरा तिला नदीत बुडवतो, तरी ती हात पाण्याबाहेर काढून दोन बोटांनी कातरल्याची खूण करीत राहते. पुढे प्रेत शोधायला माणसे प्रवाहाच्या खालच्या अंगाला जातात आणि ते सापडते धबधब्याच्याही वर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची मेल्यावरही गेली नाही!

या लोककथांचे जुने इंग्रजी अनुवादक जॉर्ज डेसंट यांनी 1874 मध्ये या कथेला ‘गुडी गेन्स्ट द स्ट्रीम’ असे नाव दिले. पण ‘गुडी’ म्हणजे घरधनीण, हे आज कोणत्या इंग्रज मुलाला कळणार? एरवी डेसंट यांचा कान फार तयार होता. तीन बोकड लठ्ठ होण्यासाठी डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात निघाले, एवढे दुसऱ्या एका कथेचे लांबलचक मूळ शीर्षक त्यांनी निम्म्यावर आणले आणि कपाळावरच्या केसांच्या झुपक्यावरून पडलेल्या बोकडांच्या ‘ब्रूसे’ या नावाच्या जागी खरखरीत आवाजाचे ‘ग्रफ’ घातले. अर्थ सरकला, पण ‘थ्री बिली गोट्स ग्रफ’ मुलांच्या तोंडी बसले.

लंडनच्या संपादिकाबाईंनी ‘अगेन्स्ट द स्ट्रीम’ सुचवले. माझी हरकत अशी होती की नॉर्वेत मूळ शीर्षकाचे शब्द हट्टी माणसासाठी रोजच्या बोलण्यात येतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला शीर्षकात केवळ स्वभाव दिसतो. इंग्रज वाचकाला मात्र शेवट आधीच हाती लागेल. मला असा वाक्प्रचार हवा होता, जो इंग्रजीत आधीच गुळगुळीत झालेला आहे आणि जो कथेच्या शेवटी अक्षरशः खरा ठरेल. संध्याकाळी तो सापडला: ‘द वाइफ हू वुडन्ट गो विथ द फ्लो’, म्हणजे प्रवाहाबरोबर, चारचौघांसारखे, जायला तयार नसलेली बायको.

‘फ्लो’ फार आजकालचा वाटतो, हे संपादिकाबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. पण लोककथेला जुनाट पोशाख चढवलाच पाहिजे, हे मला पटत नाही. ‘वाइफ’ऐवजी ‘वुमन’ घेण्याची सूचनाही मी मानली नाही, कारण भांडण नवराबायकोचे आहे आणि ‘वाइफ’मुळे ठेकाही बसतो. अखेर शीर्षक मंजूर झाले. मात्र शीर्षकाशेजारच्या चित्रात नदी न दाखवता शेत आणि कात्रीच दाखवावी, असे आमचे ठरले.