देवच होता, मग मोह कसला?

येशू देवच होता तर त्याला मोह कसा होईल, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तसा हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. शाळेतले जुने सहकारी चहा पिता पिता विचारतात, "सर, तुमचा येशू देव ना? मग सैतानाने त्याला मोह घातला यात विशेष ते काय? लीलाच ती!" आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी, अरण्यातल्या परीक्षेचा उतारा वाचून उपासना सुटली, की मंडळीतला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा चर्चच्या पायऱ्यांवर गाठतो. "तो देवाचा पुत्र होता सर, त्याला जमलं. आमचं काय?" एकाला ती गोष्ट खोटी वाटते, दुसऱ्याला निरुपयोगी. गंमत अशी, की दोघांच्या मनातला येशू एकच आहे: वरून माणूस, आतून देव, आणि भूक लागल्याचा नुसता देखावा.

असा येशू ख्रिस्ती मंडळीने फार जुन्या काळीच नाकारलाय. चौथ्या शतकात लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस म्हणत होता, की ख्रिस्ताचं शरीर माणसाचं, पण माणसाच्या मनाच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे देवच. माणूस विद्वान होता, हेतूही वाईट नव्हता. ख्रिस्ताचं देवपण जपण्याची त्याला काळजी. पण माणसाचं मनच नसेल तर मोह व्हायचा कशाला? 381 साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते मत अमान्य केलं. त्याच काळातला धर्मपंडित, नाझियानझसचा ग्रेगरी, याचा मुद्दा साधा होता: ख्रिस्ताने माणसाचं जे अंगावर घेतलंच नाही, ते बरंही झालं नाही. आणि आपलं निम्म्याहून अधिक दुखणं तर मनातलंच. पुढे 451 साली खाल्केदोनच्या परिषदेत शब्द ठरले: खरा देव आणि खरा माणूस, पाप वगळता सर्व बाबतींत आपल्यासारखा. तेव्हा 'लीला' म्हणणारे माझे मित्र नकळत अपोलिनारिसच्या पंगतीला बसतात, आणि शेजारच्या पाटावर आमचीच पोरं असतात.

आता मूळ प्रसंग. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो, "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे" अशी आकाशवाणी होते, आणि लागलीच पवित्र आत्मा त्याला अरण्यात नेतो. झाडी डोळ्यांसमोर आणू नका. यरुशलेमच्या पूर्वेला मृत समुद्राकडे उतरत गेलेले हे उघडेबोडके चुनखडीचे डोंगर. सावली नाही, पाण्याचा पत्ता नाही, नजर जाईल तिथे धोंडे. चाळीस दिवस अन्न नाही. मग सैतान येतो आणि म्हणतो, "तू देवाचा पुत्र असलास तर ह्या धोंड्यांच्या भाकरी व्हाव्यात अशी आज्ञा कर."

इथे मित्रांना हटकून विश्वामित्र-मेनका आठवतात. तपोभंगाच्या गोष्टी ऐकतच आपण वाढलो, तेव्हा ते साहजिक आहे. पण इथे अप्सरा नाही. पाप म्हणून बोट दाखवावं असं काहीच सैतान सुचवत नाही. उपाशी माणसाने भाकर खाणं हे पाप कधीपासून झालं? ह्याच येशूने पुढे पाच हजारांना जेवू घातलं, काना गावच्या लग्नात द्राक्षारस कमी पडू दिला नाही. मग स्वतःपुरत्या दोन भाकरी केल्या असत्या तर बिघडलं काय असतं?

माझ्या मते एवढंच बिघडलं असतं, की तो आपल्यातला राहिला नसता. उपाशी माणसाकडे तो उपाय नसतो. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईला धोंड्याची भाकर करता येत नाही. धोंडा फोडावा लागतो, हजेरी भरावी लागते, मग संध्याकाळी चूल पेटते. सैतानाचं म्हणणं असं, की तू वेगळा आहेस, हे भोगायचं तुला काय कारण? त्याला येशूला दुष्ट करायचं नव्हतंच, माणसांतून उठवायचं होतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवून पुढची शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, वाचून पाहा. स्वतःच्या भुकेसाठी किंवा तहानेसाठी येशूने चमत्कार केल्याचं एकही ठिकाण सापडत नाही. सुखार गावच्या विहिरीवर भर दुपारी दमून बसला, तर जवळ पोहरासुद्धा नव्हता. परक्या शोमरोनी बाईकडे त्याने पाणी मागितलं. नावेत झोपला तो थकून, इतका की वादळानेही जाग आली नाही. वधस्तंभावर "मला तहान लागली आहे" म्हणाला तेव्हा आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज ओठांना लावला गेला. त्यावरच भागवलं.

मग त्याच्याजवळ होतं तरी काय? पाठांतर! मी मास्तर, म्हणून मला हा भाग विशेष आवडतो, असं हवं तर म्हणा. सैतानाला त्याने दिलेली तिन्ही उत्तरं बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकातली आहेत, आणि तीही दोनच अध्यायांतली, सहाव्या आणि आठव्या. "मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही" हे आठव्यातलं, बाकी दोन्ही सहाव्यातली. सहाव्या अध्यायातच "हे इस्राएला, श्रवण कर" ही यहुदी घरांत रोज म्हटली जाणारी प्रार्थना आहे, आणि तिथेच आईबापांना सांगितलंय, की ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता त्यांविषयी बोला. म्हणजे नासरेथच्या सुताराच्या घरात, मरियेच्या तोंडून लहानपणी कानावर पडलेलं तेच चाळिसाव्या दिवशी, घसा कोरडा पडलेला असताना ओठांवर आलं. नवं काही सुचलं नाही, आणि सुचण्याची गरजही पडली नाही. आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गात, दर आठवड्याला सुवर्णवचन घोकून यावं लागे. नाही आलं तर बाई उभं करून ठेवत. तेव्हा तो जाच वाटायचा.

पण वचन म्हणजे मंत्र नव्हे, हेही त्याच प्रसंगात आहे. दुसऱ्या परीक्षेत सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं लिहिलंच आहे. हे लिहिलंय ते 91व्या स्तोत्रात. आमच्या कित्येक घरांत हे स्तोत्र भिंतीवर असतं. करोनाच्या काळात तर सकाळ-संध्याकाळ व्हॉट्सअ‍ॅपवर तेच येत होतं. स्तोत्र सुंदर आहे, मीही म्हणतो. पण ते म्हटलं की मास्क लावायची गरज नाही असं मला ज्यांनी सांगितलं, ते मंदिराच्या त्या टोकावरच उभे होते आणि शेजारी कोण उभा आहे हे त्यांनी पाहिलं नव्हतं. येशूचं उत्तर होतं: देवाची परीक्षा पाहू नकोस. उंचावरून पडलं की माणूस मरतो, ही गोष्ट त्याने स्वतःलाही लागू धरली.

तिसरा मोह जगातल्या सगळ्या राज्यांचा: मला नमन कर, ही सगळी तुला देतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांपैकी लूकने हा दुसऱ्या क्रमांकावर घातलाय, मत्तयाने शेवटी. याबद्दल फार लिहीत नाही. मिशन कंपाउंडच्या जमिनींवरून चालणारे खटले आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्यात, त्यांना 'कार्य चांगलं आहे, एकदाच वाकायचंय' हा आवाज वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या बैठकांत मीही बसतो. तो आवाज बहुधा प्रार्थनेनंतर लगेच येतो.

लीलेच्या कल्पनेला सर्वांत जड जाते ती मात्र गेथशेमाने बागेतली, वधस्तंभाच्या आदली रात्र. तिथे सैतानाचं नावही नाही. येशू तिघा मित्रांना सांगतो, माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथे राहून माझ्यासोबत जागे राहा. देवाला सोबत लागते? त्याला लागली, आणि मिळाली नाही, तिघेही झोपले. मग तो देवबापाला म्हणतो, हा प्याला टळून जावो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ह्या एका वाक्यासाठी सातव्या शतकात एका म्हाताऱ्या साधूने जीभ गमावली. मॅक्सिमस त्याचं नाव. ख्रिस्तात एकच इच्छा होती, दैवी, असं म्हणून बायझंटाइन साम्राज्यातले तंटे मिटवावेत असा दरबारी लोकांचा बेत होता. तो फसला तेव्हा 648 साली बादशहाने ह्या विषयावर बोलायलाच बंदी केली. मॅक्सिमस ऐकेना. माणसाची इच्छा वेगळी नव्हती, तर बागेत "माझी नको" म्हणाला ती कोणाची? त्याची जीभ कापली, उजवा हात तोडला, काळ्या समुद्रापलीकडे हद्दपार केलं, आणि 662 साली तो तिकडेच मेला. 680-81च्या परिषदेने अखेर त्याचंच म्हणणं धरलं: दोन इच्छा, आणि माणसाची इच्छा देवाच्या इच्छेपुढे स्वखुशीने वाकलेली. मरणाला घाबरणं हे पाप नाही, हे त्यामुळे आम्हाला ठामपणे म्हणता येतं. घाबरत घाबरत 'हो' म्हणता येतं, हेही.

येशूला पाप करणं शक्यच नव्हतं, की शक्य असून त्याने केलं नाही, यावर धर्मपंडितांचे दोन तट आहेत. देवाला वाइटाचा मोह होत नाही असं नव्या करारातलं याकोबाचं पत्र म्हणतं. येशू सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखला गेला असं इब्री लोकांस पत्र म्हणतं. रात्र रात्र वाद घालता येतो, तरुणपणी आम्ही घातलाय. इब्री लोकांस पत्राचा लेखक मात्र त्याने मोठा आक्रोश करीत, अश्रू गाळीत प्रार्थना केली आणि जे सोसलं त्यातून तो आज्ञापालन शिकला, असंही लिहितो. शिकला! मला तेवढं पुरतं. आणि लढाई सोपी होती म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, की पहिल्या दिवशी दुपारीच जेवून टाकणाऱ्याला चाळिसाव्या दिवसाची भूक कशी कळणार?

आता पायऱ्यांवरच्या मुलाचं, "आमचं काय?"

आमच्या मंडळीत एक ट्रक ड्रायव्हर आहे. दारूने घर बुडायची वेळ आली होती. सगळे त्याला सांगायचे, मन खंबीर कर. मीही त्यातलाच. एकदा तो म्हणाला, "सर, खंबीर मन असतं तर प्यालोच कशाला असतो?" त्याने केलं ते वेगळंच. मालक पगार रोख देतो, म्हणून पगाराच्या दिवशी तो बायकोला ट्रान्सपोर्टच्या गेटवर बोलावून घेऊ लागला. पाकीट तिच्या हातात, ह्याच्या खिशात पेट्रोलपुरते पैसे. हायवेवर ज्या ढाब्यांवर जुने सोबती बसतात ते टाळून तो पुढच्या गावात जेवतो, तिथली आमटी भिकार असते तरी. रात्री गाडी उभी केली आणि घसा कोरडा पडू लागला, की पाळकसाहेबांना किंवा मला फोन लावतो. बोलायला काही नसतं. "काय चाललंय सर?" "काही नाही, झोपतोय." कधी कधी मी म्हणतो तू एक वचन म्हण, आणि तो शब्बाथ शाळेतलं अर्धंमुर्धं आठवलेलं वचन पुटपुटतो. मित्रांना जागं राहायला सांगणं ह्याहून निराळं काही असेल असं मला वाटत नाही. आपण अशक्त आहोत हे धरून चालणारा माणूस त्या अरण्यातल्या माणसाच्या जवळ असतो. 'मला काही होत नाही' म्हणत ढाब्यावर नुसतं बसायला जाणारा मंदिराच्या टोकावर. "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" ही प्रार्थना येशूने शिकवली तीच मुळी आपण पडू शकतो हे गृहीत धरून.

लूक लिहितो, सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. पुढे फिलिप्पाच्या कैसरिया गावाजवळ सैतानाचंच म्हणणं पेत्राच्या, जिवाभावाच्या शिष्याच्या, तोंडून आलं: प्रभू, दुःखं आणि मरण तुझ्या वाट्याला नकोत. आणि वधस्तंभाखालून जाणाऱ्यायेणाऱ्यांनी अरण्यातलंच वाक्य ओरडून म्हटलं, तू देवाचा पुत्र असलास तर खाली उतर.

मागच्या लेंटमध्ये आम्ही त्या ड्रायव्हरला उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सर्वांसमोर बोलायला, सांगितलं. कार्यक्रमपत्रिकेत 'दारूवर विजय: एक साक्ष' असं छापायचं ठरलं होतं. तो कच्चा कागद पाहून तो पाळकसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, विजय हा शब्द काढा, नाहीतर मी बोलणार नाही. पंचांपैकी एकदोघांना ते रुचलं नाही. लोकांना उत्तेजन मिळतं म्हणाले. शेवटी नुसतं 'साक्ष' छापलं. तो दोनचार मिनिटंच बोलला, गेटवरच्या पाकिटाचं आणि भिकार आमटीचं सांगून खाली बसला. उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी एक बाई नवऱ्याला घेऊन त्याच्याजवळ आली. त्याने त्या माणसाचा मोबाईल मागून घेतला, आपला नंबर स्वतः टाकून दिला आणि म्हणाला, रात्री अकरानंतर केलास तरी चालेल, मी गाडीवरच असतो.