बजीला माणसाळवताना

नवा बजी (छोटा पाळीव पोपट) आला की पहिले ४-५ दिवस पिंजऱ्यात हात फक्त दाणा-पाणी बदलायला. पिसं अंगाशी चिकटवून ताठ उभा राहिला, तर तो घाबरलाय. हात तिथेच थांबवा, झटकन मागे घेऊ नका. मग राळ्याचं कणीस बोटांत धरून रोज १०-१५ मिनिटं. हातातलं खाऊ लागला की पायांच्या जरा वर, पोटाला बोट हलकेच टेकवा, चढतो.

दाण्यावर वाढलेल्या बजीला पाला हे खाणं आहे, हेच कळत नाही. ओली कोथिंबीर दांडीजवळ लटकवा. आधी तिच्यात अंघोळ करेल (करू द्या), मग कुरतडेल. उरलेलं २-३ तासांनी काढा. पण उपाशी ठेवून सवय लावू नका, एवढासा जीव दिवसभरात खचतो. अ‍ॅव्होकाडो विषारी.