पैलवानाचा पेला

मी एका पैलवानांना लिहून दिलेला आहारतक्ता चुकीचा होता. हे मला कळलं चार महिन्यांनी, एका सोमवारी, त्यांच्या आईनं पिशवीतून स्टीलचा तांब्या काढून माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा.

मी कोल्हापुरात एका मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. अकरा वर्षं झाली. लढणारे पैलवान आमच्याकडे सहसा येत नाहीत, येतात ते कुस्ती थांबलेले. पस्तिशी-चाळिशीतले, कान मोडलेले, खांदे तसेच रुंद पण पोट पुढं आलेलं, हातात साखरेचा रिपोर्ट. "मॅडम, आमाला सुपारीचं खांड म्हाईत न्हाई, मग आमाला साखर कशी?" हा प्रश्न मी कितीजणांकडून ऐकला असेल! प्रश्न खराच असतो. ऐन तारुण्यातली दहा-पंधरा वर्षं पहाटे तीनला उठून ज्यांनी शरीर घडवलं, त्यांना ते शरीर असं उलटेल हे कुणी सांगितलेलंच नसतं.

ह्यांना मी इथं पैलवानच म्हणते. गाव, तालीम लिहायची नाही, या अटीवर त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे.

पहिल्यांदा आले तेव्हा वय ३७, उंची १८० सेंटिमीटर, वजन १३१ किलो. उपाशीपोटी साखर २१४, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ९.८ टक्के. मी नेहमीसारखी विचारत गेले. दूध किती? "दोन पेले." तूप? "जेवणापुरतं." बदाम? "सकाळची थंडाई थोडी. सगळं निम्म्यावर आणलंय मॅडम." मी कागदावर दूध ४०० मिली लिहिलं आणि १,६०० उष्मांकांचा तक्ता करून दिला. दोन फुलके, वाटीभर मूग, साय काढलेलं अर्धा कप दूध, तूप एक चमचा, थंडाई बंद. त्यांनी कागद नीट चार घड्या घालून खिशात ठेवला, नमस्कार केला आणि गेले. परत आलेच नाहीत.

त्या सोमवारी आले ते टाचेला पट्टी बांधून. नवा बूट चावला होता, पण टाच बधिर झालेली, त्यामुळं बूट चावतोय हेच कळलं नव्हतं. पाच आठवडे जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी आत जखम पाहिली, गोळ्या बदलल्या आणि माझ्याकडे पाठवलं. सोबत आई होती आणि त्यांचे वस्ताद. सत्तरी ओलांडलेले, डोक्याला गुलाबी पटका, पाठ ताठ. वस्ताद खुर्चीवर बसले तरी पैलवान उभेच. एवढा मोठा माणूस, दुखरी टाच उचलून एका पायावर भार देऊन उभा. "बस की आता," असं वस्ताद म्हणाले तेव्हा बसले.

"वैनी, काढा त्यो तांब्या," वस्ताद आईंना म्हणाले. "मॅडमना दावा. ह्यो ह्येचा पेला."

माझ्याकडं २०० मिलीचं मापाचं भांडं असतं. मी पाणी ओतायला लागले. एक, दोन, तीन. चौथ्याला पैलवानांनी मान खाली घातली. पाच भांडी पाणी गेलं तेव्हा तांब्या गळ्यापर्यंत भरला. सकाळी हा भरून आणि रात्री निम्मा, हे त्यांचे दोन पेले. दीड लिटर, तेही घरच्या म्हशीचं, साय न काढलेलं.

ते खोटं बोलले नव्हते. तालमीत पेला म्हणजे एवढाच असतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध प्यायला उभी राहणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले, त्यांच्या हातातली भांडी बघत आले, आणि तरी कागदावर ४०० मिली लिहून मोकळी झाले. पेला केवढा, एवढं विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

मग आम्ही चौघांनी मिळून हिशेब मांडला. तक्त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर. लढत होते तेव्हाचा खुराक: तीन लिटर दूध म्हणजे साधारण ३,००० उष्मांक, शंभर ग्रॅम बदामांची थंडाई ६००, शंभर ग्रॅम तूप ९००, वर भाकरी, मटण, अंडी, केळी मिळून २,०००. साडेसहा हजारांच्या घरात. त्याच्यासमोर काय होतं? पहाटे धावणं, दोर चढणं, दीड-दोन हजार बैठका, पाचशे जोर, आखाड्याच्या मातीत, हौद्यात, तासभर लढती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. तेव्हा वजन १०४ होतं आणि रक्तात साखर शोधून सापडली नसती.

आता दूध, बदाम, तूप निम्मं. दीड लिटर दुधाचे १,५००, पन्नास ग्रॅम बदामांचे ३००, पन्नास ग्रॅम तुपाचे ४५० आणि जेवणाचे २,२००. झाले ४,४५०. रात्रपाळीला गोदामाच्या दारात खुर्चीवर बसणाऱ्या या देहाला लागतात जेमतेम २,९००. दूध, तूप, बदाम निम्म्यावर आणल्याचं ते सांगत होते ते अगदी बरोबर होतं. फक्त मेहनत निम्म्यावर आली नव्हती, ती शून्यावर आली होती.

"गुऱ्हाळासारखं झालं की," वस्ताद म्हणाले. "चुलवाणातला जाळ विझला आन् काहिलीत रस ओतायचं चालूच."

याहून सोपं मला सांगता आलं नसतं. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू उचलतात. मेहनत चालू असली की ते आधाशासारखी उचलतात. मेहनत थांबली की काही दिवसांतच त्यांची ही ओढ कमी होऊ लागते. स्नायू हळूहळू उतरतात, भूक मात्र तशीच राहते, कारण पंधरा वर्षांची सवय असते ती. पैलवानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते: वजन हा त्यांच्याकडं अभिमानाचा आकडा. महाराष्ट्र केसरीच्या गटात उतरायचं तर ८६ ते १२५ किलो लागतात. तिथंवर पोचण्यासाठी पोराला वर्षानुवर्षं 'खा' म्हणून सांगितलेलं असतं, आणि ते सांगणारी माणसं प्रेमाचीच असतात.

मी विचारलं, "कुस्ती कधी सोडली?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पैलवान म्हणाले, "सोडली न्हाई मॅडम. गुडघा बरा व्हायचाय."

चार वर्षं झाली होती. एका जत्रेच्या मैदानात पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडताना, उजवा गुडघा फिरला. कुस्ती बरोबरीत सोडवली. सांध्यातला बंध तुटलाय, ऑपरेशन लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पैसे नव्हते, मग वर्षभर विश्रांती घेऊन परत उतरू असं ठरलं. त्या परत उतरण्यासाठी अंग राखायचं म्हणून खुराक चालू. एकाची चार वर्षं झाली आणि ती शेवटची कुस्ती होती हे कुणी उच्चारलंच नाही. आईनं नाही, बायकोनं नाही, गावानं नाही. रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण अजून "काय पैलवान, कवा उतरायचं?" म्हणतो.

तेव्हा मला माझ्या तक्त्याचं खरं काय चुकलं ते कळलं. मापाची चूक मोठी होतीच. पण तालीम गेली, मैदान गेलं, इनाम गेला, आणि कुस्तीतलं घरात उरलं होतं ते एवढंच: सकाळचा तांब्या. तो मी एका ओळीत काढून घेतला होता. दूध सोडणं म्हणजे संपलं हे कबूल करणं, आणि तसलं काही ते अनोळखी बाईच्या कागदावर कबूल करणार नव्हते.

वस्ताद त्यांच्याकडं न बघता बोलले. माझ्या टेबलावरच्या तांब्याकडं बघत. "चूक माजी हाय. बाराव्या वर्षी आला माज्याकडं. काय खायाचं, कवा उठायचं, कवा निजायचं, सगळं मी सांगितलं. थांबायचं कवा, त्येवढं सांगितलं न्हाई. आमास्नीबी कुणी सांगितलं नव्हतं."

पैलवानांचा तळवा मांडीवर पालथा होता, तो त्यांनी उलटा केला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं घट्टे चाचपायला लागले. जोर मारून तळव्याच्या मुळाशी पडलेले घट्टे, चार वर्षांत मऊ झालेले, कडेनं सालपटं सुटलेली. किती वेळ तेच करत होते. आईनं हात लांबवून त्यांचा मोडका कान उगीच नीट केल्यासारखं केलं. मी पाण्याचा तांब्या बेसिनमध्ये रिकामा करून आणला, तेवढाच मला उठायला बहाणा मिळाला.

जपानात सुमो पैलवान निवृत्त होतो तेव्हा समारंभ करतात. जवळची माणसं एकेक करून त्याच्या बांधलेल्या केसांना कात्री लावतात आणि शेवटची कात्री त्याच्या वस्तादाची. भरल्या सभेत त्याला कळतं की आपलं झालं. आमच्याकडे खासबागेसारखं मैदान आहे, शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ पासून त्यात कुस्त्या चालल्या आहेत. उतरणाऱ्याला हलगी असते, फेटा असतो. थांबणाऱ्याला काही नाही.

आणि पोटाचंही बघायला हवं. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. जत्रेतल्या कुस्तीचा कागद नसतो. या माणसानं जत्रा-मैदानांत शेकड्यांनी कुस्त्या मारल्या, आणि नोकरीच्या अर्जात लिहायला त्यातली एकही चालत नाही. नरसिंग यादव, विजय चौधरी यांच्यासारखे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले पोलीस उपअधीक्षक झाले, त्याचा मला आनंदच आहे. पण खुद्द खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीचं कांस्यपदक आणल्यावर पोलिसात फौजदारकी मिळाली ती १९५५ ला, आणि अर्जुन पुरस्कार २००० साली, ते जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. मग ज्याचं नाव तालुक्याबाहेर गेलं नाही, त्यानं कुणाकडं बघायचं? अंगाकडं बघून त्याला कामं चालून येतात: कुणाच्या वसुलीला जा, कुणा पुढाऱ्याच्या मागं उभा राहा. ह्यांनी ती नाकारली आणि रात्रपाळीची खुर्ची घेतली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते आणि ती मी त्यांना त्या दिवशी तोंडावर सांगितली.

त्यानंतरचं काम तसं सोपं होतं. नवा तक्ता वस्तादांनी सांगायचा आणि मी लिहायचा, असं ठरलं. मी आकडे सांगायचे, ते त्यांच्या भाषेत हुकूम सोडायचे. थंडाई पहिल्यांदा बंद. तूप चमच्यानं मोजून. दूध रात्री एक पेला, माझा पेला, आणि त्यावर वस्तादांनी बोट दाखवून "ह्यो" असं तीनदा सांगितलं. बैठका नाहीत, गुडघ्याला फिजिओथेरपिस्टकडं न्यायचं. जखम भरली की विहिरीत पोहायचं. आणि रात्रपाळी सुटली की थेट तालमीत यायचं, बारक्या पोरांना डाव दाखवायला. लढायचं नाही, कडेला उभं राहायचं.

"कडंला?" पैलवानांनी विचारलं.

"कडंलाच. मी काय करतोय मग पंचवीस वर्सं?" वस्ताद म्हणाले.

अडलं ते आईंपाशी. त्या सगळा वेळ गप्प होत्या. उठताना तांब्या पिशवीत ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "बाई, घरची म्हस हाय. त्येच्या वाटणीचं दूध आता डेरीला घालू व्हय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पंचवीस वर्षं घरातल्या दुसऱ्या कुणाला चहापुरतं ठेवून त्यांनी ते दूध या पोराला दिलेलं. मला उत्तर सुचलं नाही. मी फक्त त्यांची पिशवी धरली.

आठ महिने झाले. टाच भरली. वजन १२२ वर आलंय, गोळ्या चालू आहेत, साखरेची सरासरी ७.४. मध्ये दिवाळीत पुन्हा तीन किलो चढले होते. रस्त्यात कुणी "कवा उतरायचं?" विचारलं तर काय सांगता, असं मी एकदा विचारलं. अजून हसून वेळ मारून नेतात. पण तालमीत मात्र पोरं आता त्यांना वस्ताद म्हणायला लागलीत, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

परवा आई एकट्याच आल्या होत्या, गोळ्यांची चिठ्ठी न्यायला. जाताना पिशवीतून दूध संस्थेच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांचा गठ्ठा काढून दाखवला, रबर लावलेला, आत नोटा. "रोजच्या लिटरचं पैसं," म्हणाल्या. "त्येच्या दुधाचं. येगळं ठेवलंय, घरात लावलं न्हाई."

"कशासाठी?"

"ठरलं न्हाई अजून," त्या म्हणाल्या, आणि रबर पुन्हा दोनदा गुंडाळून गठ्ठा तांब्याशेजारी ठेवला. तांब्या अजून त्या पिशवीतच असतो.