पॉपकॉर्न सीलिंग आणि क्राउन मोल्डिंगमधली फट

न्यू जर्सीतल्या जुन्या घरांमध्ये पॉपकॉर्न सीलिंग (फवारून केलेलं दाणेदार सीलिंग) अजूनही सर्रास दिसतं, आणि त्याला लागून हौसेने क्राउन मोल्डिंग (भिंत आणि सीलिंगच्या सांध्यावरची लाकडी शोभेची पट्टी) बसवलं की फट ही येणारच. खाली सरळसोट लाकूड, वर खडबडीत फोड, त्यामुळे एका जागी मोल्डिंग टेकतं तर चार बोटांवर हवा खेळते. आमच्याकडे पाहुणे आले की सगळे हमखास वर बघणार! भारतात पीओपीची कॉर्निस असते, कारागीर ओल्या प्लास्टरनेच सांधा मिटवून टाकतो, त्यामुळे ही भानगड आपल्याला ठाऊकच नसते.

बरेच जण कॉल्कची (फटी बुजवायच्या पेस्टची) ट्यूब घेऊन थेट त्या फोडांवर जाड रेघ मारतात आणि मग ती दुरून पण दिसते, वेडीवाकडी. माझं मत म्हणजे आधी सीलिंगला सरळ कड द्यायची, कॉल्क नंतर. चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मोल्डिंगला टेकवून हळूहळू ओढत गेलं की कडेचे फोड निघतात आणि बारीक सपाट पट्टी मिळते, मग कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, नाहीतर कॉल्क धुळीलाच चिकटतं.

पण थांबा, खरवडायच्या आधी घर कधीचं ते बघा. तसल्या फवाऱ्याच्या सीलिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेले तर फुप्फुसांना घातक असे तंतू) वापरायला अमेरिकेत 1978 मध्ये बंदी आली, तरी आधीचा शिल्लक माल पुढेही वापरला गेला, म्हणून ऐंशीच्या दशकातलं घर असलं तरी नमुना लॅबला पाठवून टेस्ट करा. पॉझिटिव्ह आलं तर हात लावायचा नाही, सरळ लायसन्सवाल्याला बोलवा, तिथे काटकसर नको.

कॉल्क अ‍ॅक्रिलिक लेटेक्सचं घ्या, नुसतं सिलिकॉन नको कारण त्यावर पेंट धरत नाही. नॉझल अगदी बारीक कापायचं. पाव इंचाहून मोठी फट असेल तर आत बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबा. आणि ओलं बोट फिरवायचं ते मोल्डिंगच्या बाजूने, सीलिंगवरून नाही, कारण पेंट न केलेलं पॉपकॉर्न पाणी पिऊन मऊ होतं आणि बोटाबरोबर ढेकळंच्या ढेकळं खाली येतात. वाळल्यावर लेटेक्स जरा आक्रसतं, दुसरा हात लागतोच.

एवढं करूनही दर थंडीत फट उघडते आणि उन्हाळ्यात आपोआप मिटते असं होत असेल तर दोष कॉल्कचा नाही. हीटिंगच्या कोरड्या हवेने लाकूड आकसतं हे एक, आणि छताला ट्रस (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) असतील तर दुसरं कारण म्हणजे ट्रसचा खालचा दांडा इन्सुलेशनखाली उबदार राहतो, वरचे दांडे थंड आणि दमट, त्यामुळे अख्खा ट्रस मधोमध वर उचलला जातो, सीलिंगला घेऊन. मोल्डिंग मात्र भिंतीला ठोकलेलं, ते जागचं हलत नाही. अशा वेळी दर वर्षी कॉल्क भरत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिथे मोल्डिंग सीलिंगला ठोकायचं आणि भिंतीच्या बाजूला मोकळं सोडायचं, म्हणजे ते सीलिंगबरोबर वरखाली होतं. खिळे वरच्या लाकडात बसले पाहिजेत, नुसत्या ड्रायवॉलमध्ये (सीलिंगच्या जिप्सम बोर्डात) धरत नाहीत.

आमच्या हॉलमध्ये असंच करून घेतलंय. बेडरूमचं अख्खं पॉपकॉर्नच काढून टाकू असं नवऱ्याचं म्हणणं आहे, पण तो पसारा आवरणार कोण यावर आमचं अजून काही ठरलेलं नाही.